निळ्या व्हँडाचं रोप, अडीच वर्षं सांभाळल्यावर

आधी एक जुनी फसगत सांगते. पाच वर्षांपूर्वी इथे इंदूरमध्येच एका दुकानातून गडद निळ्या फुलांचं ऑर्किड आणलं. रंग अस्सल आहे म्हणाले. पुढच्या वर्षी त्याच रोपाला पांढरीशुभ्र फुलं आली. दांड्यात रंग टोचलेलं फॅलेनॉप्सिस, म्हणजे दुकानांत सर्रास मिळणारं ऑर्किड होतं ते. मनाला फार लागलं, कारण खरं निळं ऑर्किड आपल्याच देशात आहे. खासी टेकड्या, मणिपूर, मिझोराम, तिकडच्या झाडांवर ते वाढतं. व्हँडा सेरुलिया, म्हणजेच निळा व्हँडा.

मग तेच शोधायला लागले, तर एका प्रदर्शनात दिसलं. पण मुळं तोडलेली, त्यांना झाडाची साल आणि दगडफूल तसंच चिकटलेलं, पानांवर किड्यांनी खाल्ल्याच्या खुणा. जंगलातून ओरबाडलेलं, स्पष्ट दिसत होतं. मी हात लावला नाही. 1850 मध्ये हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने लंडनच्या क्यू वनस्पती-बागेसाठी खासी टेकड्यांतून सात माणसांच्या ओझ्याइतकी ही झाडं काढली होती. इंग्लंडला त्यातली थोडकीच जिवंत पोचली. एवढ्या जुन्या हव्यासापायी हे झाड जंगलातून कमी होत गेलं. 1991 मध्ये वन्यजीव कायद्यात वनस्पतींची यादी आली तेव्हा त्यातल्या सहा नोंदींमध्ये निळा व्हँडा होता. विकणाऱ्याला परवाना लागतो.

शेवटी कालिम्पाँगच्या एका नर्सरीला फोन केला. त्यांनी आधी इंदूरचा मे महिना कसा असतो ते विचारलं, मग म्हणाले, "मैडम, यह लैब का बच्चा है, दो साल फूल मत माँगना।" हे ऐकूनच विश्वास बसला. ऑर्किडचं बी पिठासारखं बारीक, त्यात अन्नाचा साठा नसतो. जंगलात ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच रुजतं. प्रयोगशाळेत तेच बाटलीत, आगरवर, म्हणजे पोषक द्रव्यं घातलेल्या जेलीवर रुजवतात. एका शेंगेतून पुष्कळ रोपं होतात, जंगलाला हात लावावा लागत नाही.

रोप 850 रुपये, कुरिअर वेगळं. बिलावर परवान्याचा नंबर होता. पाचव्या दिवशी पोचलं. एक खालचं पान मोडलं होतं, बाकी ठीक. मुळं कोरडी, चांदीसारखी पांढरट. बादलीत बुडवली आणि बघता बघता ती हिरवी झाली! तो रंग पालटताना बघायला मी अजूनही रोज सकाळी थांबते. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत नुसता कोळसा, माती अजिबात नाही. सासूबाईंनी विचारलं, "अगं, हे बांडगूळच ना?" नाही. हे झाडावर नुसतं बसतं, त्याचा रस पीत नाही. गंमत म्हणजे व्हँडा हे नाव संस्कृतातल्या वन्दावरूनच आलंय, आणि वन्दा म्हणजे बांडगूळ.

आमच्या बोअरच्या पाण्याने मुळांवर पांढरा थर बसायला लागला, म्हणून गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवते. मेमध्ये हिरवी जाळी, खाली ओलं गोणपाट, दिवसातून दोनदा फवारा. हिवाळ्यात पारा दहाच्या खाली गेला की टोपली घरात.

गेल्या ऑक्टोबरमध्ये पहिला दांडा आला. सात फुलं. बाजारातल्या संकरित व्हँडासारखी गोल, भरीव नाहीत. पाकळ्या बुडाशी पिळलेल्या, फिकट जांभळट निळ्या, आणि त्यावर गडद रेषांची जाळी, माहेश्वरीच्या काठासारखी बारीक. जवळजवळ महिनाभर टिकली.

दोन तक्रारी आहेत. सोबत देखभालीचा कागद नव्हता, आणि खताच्या पुडीवर प्रमाण लिहिलेलं नव्हतं. दोन्हीसाठी फोन करावा लागला, पण फोन दरवेळी उचलला. मागवायचं असेल तर फेब्रुवारीत मागवा. एप्रिलनंतर कुरिअरच्या गाडीत रोप शिजतं.