अर्थिंगचं काम करून घेतलं (गोडोली, सातारा), ४ स्टार

न्हाणीत गिझरच्या नळाला हात लावला की मुंग्या यायच्या. आई म्हणायची तुझे हात ओले असतात म्हणून, पण टेस्टर लावला तर बारीक लाल पेटला तेव्हा मात्र टरकली. पोवई नाक्याच्या एका दुकानातून वायरमन बोलावला (नाव-नंबर इथं टाकत नाही).

मला वाटलं आला की अर्थिंगचा खड्डा खणायला सांगेल, पण गड्यानं आधी गिझरचं सॉकेट उघडलं. आत न्यूट्रलवरनं (करंट परत नेणारी वायर) अर्थच्या पिनेला बोटभर काळी वायर मारलेली! आधीच्या मिस्त्रीची करामत. आणि त्यामुळेच आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) सारखी पडायची, कारण परतीचा थोडा करंट अर्थमधनं जाणार म्हटल्यावर ती पडणारच, तर त्या बाबानं "पीस खराब आहे" म्हणून आरसीसीबीच काढून टाकलेली. त्यात मीटरजवळ न्यूट्रल ढिला, अर्थच्या खड्ड्यातला वायर धरणारा क्लॅम्प गंजून भुगा, मग न्यूट्रलचं व्होल्टेज थेट गिझरच्या बॉडीवर. न्यूट्रल पूर्ण तुटला असता तर काय झालं असतं ते त्यानं सांगितलं, आईसमोर नको होतं सांगायला.

अर्थचा रोध मीटरनं मोजला तर ४० ओम, तो जेवढा कमी तेवढा बरा. आमच्याकडं दोन फुटाखाली मुरूम, ओल धरतच नाही. दोन जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाईप पुरले, मधलं अंतर पाईपच्या लांबीच्या दुप्पट, एकमेकांना पट्टीनं जोडले, मीठ-कोळसा भरला, मग ६ ओम आलं. मी म्हटलं आता झालं की, तर म्हणतो २३० व्होल्ट भागिले ६ ओम म्हणजे ३८ अँपिअर, एवढ्यावर ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) लगेच पडेलच असं नाही, ३० मिलिअँपची आरसीसीबी पाहिजेच. बसवली. न्हाणीतला लोखंडी पाईप आणि सोलरची लाईनपण अर्थला वायरनं जोडली (बाँड केली), म्हणजे नळ आणि गिझर यांच्यात व्होल्टेजचा फरकच राहायला नको. हे आजवर कुणी केलं नव्हतं.

जाताना आईला म्हणाला, "काकू, उन्हाळ्यात तुळशीला घालता तसं या अर्थच्या खड्ड्यालाही बादलीभर पाणी घालत जावा."

सगळं धरून साडेचौदा हजार गेले. महिना झाला, मुंग्या बंद, आरसीसीबी टेस्टचं बटण दाबल्याशिवाय एकदाही पडली नाही.

एक स्टार कापला कारण सोमवारी येतो म्हणून बुधवारी उगवला आणि मुरमाचा ढीग अजून गेटपाशीच आहे, गाडी रस्त्यावर लावतोय.