केनियाच्या निवडणूक आयोगाचं निकाल पोर्टल, ऑगस्ट २०२२ : नैरोबीत राहून वापरलं त्याचा रिव्ह्यू

सरकारी वेबसाइटचा रिव्ह्यू सहसा कुणी लिहीत नाही पण मला लिहायचाय, कारण २०२२ च्या निवडणुकीचा तो आठवडा आमच्या पार्कलँड्समधल्या बिल्डिंगने ह्या पोर्टलच्या जोरावर शांतपणे काढला.

इथे नवीन असाल तर आधी मागचं थोडं. इथल्या जुन्या लोकांना निवडणूक म्हटलं की २००७ आठवतं, डिसेंबरात निकाल जाहीर झाला आणि पुढच्या काही आठवड्यांत हजाराच्या वर माणसं मारली गेली. २०१७ ला तर सुप्रीम कोर्टाने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली. त्यामुळे ९ ऑगस्ट जवळ आला तसं सगळ्यांनी पीठ, तेल, गॅस भरून ठेवलं, एम-पेसात, म्हणजे मोबाइलवरच्या पैशांच्या खात्यात, पैसे टाकून ठेवले, शाळा बंद, मटाटू, म्हणजे इथल्या खाजगी मिनीबस, तुरळक, आणि एरवी हॉर्नने कान किटवणारा रस्ता एकदम सुनसान.

आता पोर्टल. देशात ४६,२२९ मतदान केंद्रं होती. मतमोजणी त्या त्या केंद्रावरच होते, तिथला अधिकारी फॉर्म ३४ए, म्हणजे त्या केंद्राच्या निकालाचा फॉर्म, भरतो, पार्ट्यांचे एजंट सह्या करतात, मग मतदारांचे अंगठे तपासायला जे मशीन असतं त्याच मशीनने फॉर्मची इमेज काढून पाठवायची. ती इमेज थेट पोर्टलवर. काउंटी, मतदारसंघ, वॉर्ड, केंद्र असं एकेक क्लिक करत जायचं की फॉर्म समोर, पेनाने लिहिलेले आकडे, खाली सह्या, शिक्का, सगळं दिसतं. मतदान संपलं त्याच रात्री फॉर्म धडाधड यायला लागले आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक सगळे आले होते, एवढ्या मोठ्या देशात, जिथे मोबाइलची रेंज नाही तिथून सॅटेलाइटने. हे मला आजही भारी वाटतं.

आमचा अस्कारी, म्हणजे वॉचमन, त्याचं गाव पार पश्चिमेला. त्याने गेटवर बसून मोबाइलवर गावच्या प्रायमरी शाळेचं केंद्र शोधलं, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि आधी मतं नाही बघितली, एजंटांची नावं वाचली. त्यातला एक ओळखीचा निघाला, लगेच त्याला फोन, आकडे बरोबर का विचारलं, तो हो म्हणाला, विषय संपला. व्हॉट्सअ‍ॅपवर खाडाखोड केलेले फॉर्म फिरत होते तेव्हाही आम्ही हेच करायचो, केंद्राचं नाव बघायचं आणि पोर्टलवर मूळ फॉर्म उघडायचा, वाद तिथेच मिटायचा. घाबरलेल्या माणसाला शांत राहा म्हणून काही होत नाही हो, त्याला स्वतःला तपासता येईल असं काहीतरी हातात द्यावं लागतं.

कमी काय तर बेरीज. पोर्टलवर नुसते फॉर्म, एकूण कोणाला किती ते कुठेच नाही. मग टीव्हीवाल्यांनी माणसं बसवून आकडे टाइप करायला घेतले, प्रत्येकाने वेगळे फॉर्म आधी उचलले, त्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन मुख्य उमेदवारांपैकी एका चॅनेलवर विल्यम रुटो पुढे तर दुसऱ्यावर रायला ओडिंगा. लोकांचा जीव टांगणीला लागला तो ह्यामुळे. २०१७ ला बरोबर उलटं होतं, स्क्रीनवर बेरीज पळत होती आणि तिच्यामागचे सगळे फॉर्म बघायला नव्हते. दोन्हींत निवडायचं तर मी फॉर्मच निवडीन, पण दोन्ही एकत्र द्यायला काय हरकत आहे?

१५ ऑगस्टला बोमासमधे, म्हणजे नैरोबीतल्या राष्ट्रीय बेरीज केंद्रात, स्टेजवर धक्काबुक्की झाली, आयोगाच्या सातपैकी चार आयुक्तांनी निकाल आम्हाला मान्य नाही म्हणून सांगितलं आणि आयोगाच्या अध्यक्षांनी रुटो ५०.४९ टक्के, ओडिंगा ४८.८५ टक्के असं जाहीर केलं. फरक साधारण २ लाख ३३ हजार मतांचा. त्या संध्याकाळी ओडिंगांच्या बालेकिल्ल्यात, किसुमू शहरात, टायर जळले, नैरोबीतही काही वस्त्यांत लोक रस्त्यावर आले, आम्ही गेट लावून बसलो, पण २००७ सारखं काही झालं नाही. सगळं गोडगोड होतं असंही नाही, नैरोबीतल्याच एका मतदारसंघाचा निवडणूक अधिकारी बेपत्ता होऊन नंतर मृत सापडला, ते विसरता येत नाही. ओडिंगा कोर्टात गेले आणि ५ सप्टेंबरला सातही न्यायाधीशांनी एकमताने निकाल कायम केला. पोर्टलवरचे फॉर्म आणि मूळ कागद ह्यांत दखल घेण्याजोगा फरक नाही असं कोर्टाने म्हटलं, म्हणजे आमच्या अस्कारीने गेटवर बसून जे एका केंद्राचं केलं तेच कोर्टाने मोठ्या प्रमाणावर केलं.

माझ्याकडून ५ पैकी ४. पुढची निवडणूक ऑगस्ट २०२७ मधे आहे, तेव्हा प्रत्येक मतदारसंघाची बेरीज फॉर्मच्या शेजारीच टाका, म्हणजे टीव्हीवर अवलंबून राहायला नको. आणि इथे राहणाऱ्यांनी मतदानाच्या आधीच पोर्टलची लिंक घरात सगळ्यांच्या मोबाइलवर सेव्ह करून ठेवा, किराणा भरताना तेवढं लक्षात ठेवा.