मुलांच्या शाळेसाठी काय बरं: कामासाठी एकटा बाप दूर गेला की आई-बाप दोघंही गेले?

कामासाठी फक्त बाप दूर गेला तर घरी पैसे येतात, फी वेळेवर भरली जाते आणि वही बघायला आई असतेच, पण घरचं-बाहेरचं सगळं तिच्यावर पडतं आणि मग मोठ्या मुलीची शाळा आधी बुडते, हे कोणी मोजतच नाही. मुलांना आजीकडे ठेवून दोघंही गेले तर पैसा जास्त येतो खरा, पण आजीला गणित जमत नाही, पालकसभेला कोणी नाही, प्रगतिपुस्तकावर पोरगं स्वतःच सही ठोकतं आणि व्हिडिओ कॉलवर "झाला अभ्यास" म्हणून मोकळं! मला विचाराल तर पहिलंच बरं, फक्त पैसे दर महिन्याला यायला हवेत, कारण सुरुवातीचे महिने जायच्या खर्चाचं कर्ज फेडण्यातच जातात आणि नेमकं तेव्हाच एखादं पोरगं शाळा सोडून कामाला लागतं.