गाडीच्या जाळीला घरी झडप करायची तर कुठली: फिक्स, केबलची का सर्व्होची?

माझ्या गाडीच्या पुढच्या जाळीमागं हवा अडवायला बसवलेल्या, उघडमिट होणाऱ्या पट्ट्या, म्हणजे झडप, बघून तीन मित्रांनी आम्हालाही असं करायचंय म्हणून सांगितलं, पण तिघांच्या गाड्या वेगळ्या, रोजचे रस्ते वेगळे, म्हणून मी एकाला कर म्हटलं, एकाला करू नको म्हटलं आणि तिसऱ्याला आधी दुसरंच काम सांगितलं. असं का, ते इथं सगळं लिहितो, म्हणजे पैसे घालायच्या आधी तुम्हाला ठरवता येईल.

जाळीतून शिरलेली हवा एसीची कॉइल, रेडिएटर, मग इंजिन असं धडकत धडकत खालून बाहेर पडते आणि त्यात गाडीचा थोडा जोर जातो. कंपनीनं जाळी ठेवलेली असते ती भर मे महिना, पाच माणसं, एसी आणि घाट एवढं सगळं धरून, त्यामुळं डिसेंबरात सकाळी सातला साताऱ्याच्या पुढं सरळ रस्त्याला चाललेल्या गाडीला तेवढी हवा लागतच नाही, जादाची हवा झडपेनं अडवली की तो जोर वाचतो. आता हवेचा विरोध वाढतो तो स्पीडच्या वर्गानं, 80 वरून 100 ला गेलात की तो दीडपटीच्या वर जातो आणि 40 ला असताना 80 च्या फक्त चौथा हिस्सा असतो. म्हणून दसरा चौक ते राजारामपुरी, राजारामपुरी ते शिरोली एवढंच फिरणं असेल तर ह्यातून हाताला काही लागत नाही, माझ्या पहिल्या मित्राला नको म्हटलं ते ह्याच कारणानं. इंजिन लवकर तापतं हा जो फायदा थंड देशातले लोक सांगतात तोही आपल्याकडं फार नाही, थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 डिग्रीपर्यंत रेडिएटरकडं पाणी सोडतच नाही आणि कोल्हापूरची थंडी म्हणजे पहाटेचे 14-15 डिग्री.

कल्पना नवीन नाही. अमेरिकेत 2011 च्या शेवरोले क्रूझ इकोला कंपनीनंच खालच्या जाळीत उघडमिट होणाऱ्या झडपा दिल्या होत्या.

झडपांत सगळ्यात स्वस्त म्हणजे फिक्स, उघडमिट न होणारी. बोर्डवाल्याकडून सनपॅक शीटचा (बोर्डाच्या पोकळ प्लॅस्टिक शीटचा) तुकडा आणायचा, कटरनं कापायचा, जाळीमागं केबल टायनं आवळायचा, अर्ध्या तासाचं काम. मी सुरुवात तिथूनच केली आणि पुण्याच्या दोन ट्रिप मस्त झाल्या. तिसऱ्या वेळी शीट काढायची विसरलो आणि घरच्यांना घेऊन रत्नागिरीला गेलो. येताना साखरप्याच्या पुढं आंबा घाट चढायला लागलो, पुढं ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरला, एसी फुल. आधी एसीची हवा कोमट झाली, मला वाटलं गॅस गेला, मग मोबाईलवर बघतो तर कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) 104, 105, 106 डिग्री. बाजूला घेतली, बॉनेट उघडून फॅनचा तो आवाज ऐकत उभा राहिलो, आई मागच्या सीटवर पदरानं वारा घेत होती. नेलकटरनं केबल टाय तोडले. इंजिनला काही झालं नाही, पण गाडीत घरची माणसं असताना आपण केलेल्या कामानं गाडी तापते हे मला अजून लागतं. फिक्स शीटचा दोष तोच, ती लक्षात ठेवणं तुमच्यावर असतं आणि घाटात कुणाच्या लक्षात राहत नाही.

एसीचं तर नीट समजून घ्या, कॉइल रेडिएटरच्या पुढं असते, तिला हवा कमी पडली की कॉम्प्रेसरवर लोड वाढतो, फॅन जास्त वेळ फिरतो, त्याची वीज अल्टरनेटरकडनं म्हणजे शेवटी इंजिनकडनंच येते, मग वाचवलेलं तिथंच जातं. एसी कायम चालू ठेवणाऱ्यानं खालची, बंपरमधली जाळी मोकळीच सोडावी आणि फक्त वरची झाकावी. वरच्या जाळीतसुद्धा एअर फिल्टरचं तोंड कुठं आहे ते आधी शोधा, ते झाकलं तर इंजिनचाच श्वास कोंडतो. हॉर्नही मागं असला तर आवाज दबतो.

केबलवाली म्हणजे मी आता वापरतोय ती. ॲल्युमिनियमच्या दोन इंची पाच पट्ट्या, दोन्ही टोकांना पिन आणि नायलॉन बुश, सगळ्या एका उभ्या पट्टीला जोडलेल्या, आणि जुन्या गाडीची चोक केबल आत डॅशबोर्डखाली आणलेली. फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) नवीन भोक पाडू नका, आधीच्या वायरिंगच्या रबरी ग्रोमेटमधून केबल येते, फक्त बॉनेटच्या वायरला आणि फॅनला ती कुठं लागायला नको. उद्यमनगरात बुश टर्न करून घेतले, बाकी सगळं घरी, खर्च हजाराच्या आत.

ह्यातली एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही आणि सगळं तिच्यावरच आहे. केबल ओढल्यावर झडप बंद झाली पाहिजे आणि सोडल्यावर, किंवा तुटल्यावर, स्प्रिंगनं आपोआप उघडली पाहिजे. बरेच जण उलटं करतात, ओढलं की उघडतं असं, कारण हाताला ते बरं वाटतं. मी अजून एक केलंय, पिन पट्टीच्या मधोमध न घेता थोडी वर घेतलीय, त्यामुळं खालचा भाग मोठा राहतो आणि समोरचा वाराच पट्टीला मागं ढकलून उघडायला बघतो, म्हणजे स्प्रिंग कमजोर झाली तरी वारा मदतीला असतो. पट्टी पूर्ण उघडल्यावर कॉइलपासून किमान इंचभर लांब राहायला पाहिजे, नाहीतर खड्ड्यात दणका बसून कॉइलच्या नाजूक फिन्स वाकतात.

त्रास आहेच. ऊस सीझनला ट्रॉल्यांच्या मागं रस्त्यावर पाचट उडत असतं, एकदा कागलजवळ उसाचं एक वाळलेलं पान तिसऱ्या आणि चौथ्या पट्टीत असं तिरकं घुसलं की झडप अर्धीच उघडी राहिली, केबल सोडली तरी हलेना. तेव्हापासून बाहेरून बारीक जाळी लावलीय आणि दर रविवारी ब्रश मारतो.

सर्व्होवाली, म्हणजे छोट्या मोटरनं हलणारी, दिसायला सगळ्यात भारी, कुलंटचं टेंपरेचर वाचायचं, 95 च्या वर गेलं की आपोआप उघडायचं, विसरायचा प्रश्नच नाही. दुसऱ्या मित्रानं करायला घेतलीय, त्याला मी हो म्हटलं कारण त्याचं कामच इलेक्ट्रॉनिक्सचं, आणि आठवड्यातून एकदा पुणे. पण पावसाचं पाणी, बॉनेटखालची उष्णता आणि रस्त्याचा हादरा हे तिन्ही सर्व्होला सोसत नाही, डबी सीलबंद पाहिजे. आणि स्क्रूवाला ॲक्च्युएटर अजिबात घेऊ नका, करंट गेला की तो आहे तिथंच घट्ट बसतो, कितीही दणकट स्प्रिंग लावा, उघडणार नाही. सेन्सरचा सिग्नल तुटला तर झडप उघडीच राहील असा प्रोग्रॅम लिहिता येत असेल तरच ह्या वाटेला जा, नाहीतर केबल बरी, ती निदान हाताला समजते.

तिसऱ्या मित्राची गाडी जुनी डिझेल, रेडिएटरच्या कडेनं बोट जाईल एवढ्या फटी. त्याला म्हटलं झडप राहू दे, आधी त्या फटी फोमनं बंद कर, कारण जाळीतून आलेली हवा तिथनंच पळून जाते, विरोध तर होतो आणि थंड काहीच होत नाही. फटी बुजवल्या की तेवढ्याच हवेत रेडिएटर जास्त काम करतो, मग पुढं कधी झडप लावलीच तर गाडी तापायला जागा कमी राहते. खर्च सगळ्यात कमी, धोका नाही, आणि खरं सांगायचं तर तिघांतलं हे काम मला सगळ्यात जास्त पटतं.

काहीही निवडलं तरी कुलंटचं टेंपरेचर आकड्यात दिसायला पाहिजे, बऱ्याच नवीन गाड्यांत काटाच नसतो, नुसता निळा-लाल दिवा, आणि लाल लागेपर्यंत उशीर झालेला असतो. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारा, छोटा डोंगल लावला की मोबाईलवर दिसतं. झडप लावायच्या आधी आठवडाभर तुमचे नेहमीचे आकडे लिहून ठेवा, म्हणजे नंतर काय बदललं ते कळेल. ॲव्हरेजचा आकडा मी मुद्दाम सांगत नाही, वारा, ट्रॅफिक, टायरची हवा ह्यातून झडपेचा वाटा वेगळा काढायचा तर त्याच रस्त्यानं, त्याच वेळी, उघडी आणि बंद अशा बऱ्याच फेऱ्या माराव्या लागतात, त्या तुमच्या गाडीवर तुम्हीच मारा.

आणि जे काय कराल ते काढता येईल असं करा. माझी फ्रेम चार बोल्टवर आहे, मार्च संपला की वीस मिनिटांत सोडवून कपाटावर ठेवतो, उन्हाळा आणि चिखलाचा पावसाळा जाऊ देतो, आणि दसऱ्याला गाडी धुऊन पूजा झाली की संध्याकाळी परत बसवतो.