तळ्यातल्या पंपाचा स्पंज: लोच पाळणाऱ्यांसाठी वर्षभराचा अनुभव

३८० रुपयांचा काळा स्पंज. उंची साधारण वीतभर, मधोमध भोक, सोबत एक जाळीदार प्लॅस्टिकची नळी. खोक्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नाही. तळ्यातल्या पंपाच्या तोंडावर हा बसवायचा. गोल्डफिशबरोबर लोच, म्हणजे तळाशी राहणारा लांबट, मिशांचा मासा, सोडणार असाल तर मासे आणण्याआधी हा आणा. मी आधी मासे आणले, आणि त्यात एक जीव गेला.

आमचं तळं साताऱ्यात, परसात, चिकूच्या सावलीला. आठ फूट बाय पाच, अडीच फूट खोल, म्हणजे भरलं की २८०० लिटरच्या आसपास पाणी. सहा गोल्डफिश आधीपासून होते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत चार डोजो लोच आणले. क्लाउन लोच घेऊ नका असं दुकानदारानेच सांगितलं, आणि त्याचं बरोबर होतं. क्लाउनला कायम २५ अंशांच्या वरचं ऊबदार पाणी लागतं, आमच्याकडे जानेवारीत तळ्यात हात घालवत नाही. कुहली लोच तर मुळीच नको. तो इतका बारीक असतो की गोल्डफिश त्याला तोंडात घेतो, आणि मग कुहलीच्या डोळ्याखालचा काटा गोल्डफिशच्या घशात रुतला की दोघांच्याही जिवावर बेततं. डोजोला थंडी मानवते, तळाशी पडलेलं खाणं तो वेचून खातो. आमचे चारही १५ सेंटीमीटरच्या पुढचे होते, कुणाच्या तोंडात मावण्यासारखे नव्हते.

पंपाचा विचार मात्र कुणाच्याच मनात आला नाही.

सासूबाई रोज सकाळी चहा घेऊन काठावर बसतात आणि मासे मोजतात. लोच दिवसा वाळूत शिरून बसतो, नुसतं नाक आणि मिशा बाहेर, त्यामुळे "आज तीनच दिसले गं" असं त्या म्हणाल्या तरी दोन दिवस मी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी कारंज्याची धार बारीक झाली म्हणून पंप उघडला. त्याच्या जाळीचं झाकण एका बाजूने सैल होतं. गोल्डफिशला त्याने काही फरक पडत नव्हता. लोचला मात्र अंधारी फट दिसली की आत शिरायचंच असतं. तो आपणहून गेला होता. पंपाच्या पंख्यात त्याचं जे झालं होतं ते मी सासूबाईंना दाखवलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी हा स्पंज आणला.

स्पंज भरड छिद्रांचा आहे आणि तोच घ्यावा. बारीक छिद्रांचा शेवाळाने लगेच तुंबतो, पंपाला पाणी मिळत नाही आणि तो तापतो. आमचा दहा दिवस सहज जातो, पानगळीत आठवडाभर. धुताना तळ्याचंच पाणी बादलीत घ्यायचं आणि त्यात तीन-चार वेळा पिळायचा. नळाखाली धरू नका. माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू याच स्पंजात घर करतात, नळाच्या क्लोरिनने ते मरतात. गोल्डफिश घाण फार करतो. स्पंज आल्यापासून तळातली वाळू वरून दिसायला लागली, हे मी धरलंच नव्हतं. स्पंज उचलण्याआधी बटण बंद करून तो हळूच हलवा. आमच्याकडे एक लोच हमखास त्याच्याखाली अंग मुडपून पडलेला असतो. पिळलेलं काळं पाणी कढीपत्त्याला घालते.

तक्रार एकच, पण मोठी. नळीचं माप पंपाच्या तोंडाशी जुळत नाही, एका बाजूला पेन्सिल जाईल एवढी फट राहते. लोचचं अंग इतकं मऊ की तेवढ्यातही डोकं घालून बघेल. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून वरून दोन केबल टाय आवळले. वर्षभरात ते हललेलं नाही.

स्पंजाने ओव्हरफ्लोचा प्रश्न मात्र सुटत नाही. मे महिन्यात वळवाच्या आदल्या दुपारी ऊन रणरणत होतं आणि तिन्ही लोच वेड्यासारखे वरखाली करत होते, पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेऊन पुन्हा तळाला. हवेचा दाब उतरला की डोजो असा बेचैन होतो. पावसात तळं भरून वाहायला लागलं की तो पाण्याबरोबर बाहेर पडू शकतो. आमच्या तळ्यातून सांडणारं पाणी पाइपाने ओढ्याला आणि ओढ्यातून पुढे कृष्णेला जातं. डोजो मूळचा पूर्व आशियातला. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत तो असाच नद्यांमध्ये सुटून पसरला. कृष्णेच्या खोऱ्यात तर बोटिया स्ट्रायाटा हा सह्याद्रीचा स्वतःचा पट्टेरी लोच आहे आणि तो आधीच धोक्यात आलेल्या जातींमध्ये मोडतो. त्याच्या घरात मी परका मासा सोडणार नाही. पाइपाच्या तोंडाला खिडकीची स्टीलची जाळी दुहेरी करून क्लॅम्पने आवळली. ती पानांनी तुंबते, पावसाळ्यात रोज सकाळी हाताने साफ करावी लागते, आणि मी करते.

तळाला क्रश सँड घालू नका. तिच्या कडा धारदार असतात आणि लोच दिवसभर त्यात मिशा खुपसत, पोट घासत फिरतो. आम्ही घराच्या बांधकामातली उरलेली नदीची वाळू चाळून, धुऊन घातली.

स्पंजाला पाचात चार. एक गुण मापासाठी कापला. घ्यायला जाताना पंपाच्या तोंडाचा घेर दोऱ्याने मोजून न्या, आणि पंपच पिशवीत घालून नेता आला तर फारच बरं.