वर्ट गार करायला तांब्याची कॉइल की प्लेट चिलर?

बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवून २० लिटर वर्ट (घरी बिअर बनवताना माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून काढलेला, अजून न आंबलेला गोड अर्क) गार करण्याचा कंटाळा आला की दोन पर्याय समोर येतात: पातेल्यात बुडवायची तांब्याची कॉइल किंवा प्लेट चिलर. मी दोन्ही वापरलेत, आणि आता कॉइलवरच थांबलोय.

वेगात प्लेट चिलर पुढे आहे, हे आधीच मान्य करतो. पत्र्यांच्या अरुंद फटींतून एकीकडून वर्ट, उलट दिशेने पाणी. नळाचं पाणी पुरेसं गार असेल तर एकाच फेरीत वर्ट यीस्ट टाकण्याजोगं होऊन बाहेर येतं. माझ्या अनुभवात पाणीही कमी लागतं. कॉइल १०० वरून ५० अंशांपर्यंत झपाट्याने आणते, पण पुढे रेंगाळते. अर्थात कॉइल नुसती बुडवून ठेवली तरच. तिच्याभोवतीचं वर्ट गार होतं आणि बाकीचं तापलेलंच राहतं. हळूहळू ढवळत राहिलात तर फरक स्पष्ट जाणवतो.

वेगाच्या हिशेबात एक गोष्ट निसटते. कॉइलने पातेल्यातल्या सगळ्या वर्टचं तापमान एकत्रच उतरतं. प्लेट चिलरमध्ये उरलेलं वर्ट आपली पाळी येईपर्यंत गरमच असतं. साधारण ८० अंशांच्या वर हॉप्स (बिअरला चव-सुवास देणारी फुलं) कडवटपणा सोडत राहतात आणि फिकट माल्टच्या वर्टमध्ये डीएमएस, म्हणजे तो उकडलेल्या मक्यासारखा वास, तयार होत राहतो. शेवटी सुवासासाठी हॉप्स टाकणाऱ्यांना हे खटकेल. वर्ट चिलरमधून पुन्हा पातेल्यात फिरवता येतं, पण त्यासाठी उकळतं वर्ट सोसणारा पंप हवा.

माझा निर्णय मात्र वेगावर झालाच नाही. प्लेट चिलर आतून दिसत नाही, तिथे झाला. पेलेट हॉप्सचा (दाबून गोळ्या केलेल्या हॉप्सचा) गाळ त्या फटींत बसतो. पिशवी लावा, गाळणी लावा, थोडा जातोच. वापर झाल्यावर लगेच उलटं पाणी सोडायचं, गरम क्लीनर फिरवायचं, पुन्हा पाणी. बाहेर पडणारं पाणी नितळ दिसतं, मनाचं समाधान होतं, आणि पुढच्या वेळी चिलर जरा आपटला की हिरवट-तपकिरी कण गळतात. सॅनिटायझर स्वच्छ पृष्ठभागावर काम करतो, साचलेल्या गाळाच्या पोटात नाही. आणि उकळीनंतर वर्टला याच वाटेने जायचं असतं! दर वेळी ती शंका मनात ठेवून यीस्ट टाकणं मला जमेना.

कॉइलच्या आतून फक्त पाणी जातं. वर्ट लागतं ते बाहेरून, आणि ते सगळं डोळ्यांसमोर असतं. उकळी संपण्याआधी १५ मिनिटं ती पातेल्यात सोडली की निर्जंतुक झाली. काम झाल्यावर धुऊन टांगून ठेवायची.

नळाच्या पाण्यापेक्षा गार मात्र दोघांपैकी कुणीच करू शकत नाही. लागरसाठी (गारव्यात आंबवायच्या बिअरसाठी) १० अंशांच्या आसपास जायचं तर ४० पर्यंत नळाचं पाणी वापरा आणि मग छोट्या पंपाने बर्फाचं पाणी कॉइलमधून फिरवा. सुरुवातीपासून बर्फ वापरणं म्हणजे बर्फ फुकट घालवणं.

गरम वर्ट बंद कॅनमध्ये भरून आपोआप गार होऊ देणारेही आहेत. पाणी वाचतं, पण हॉप्सचं गणित बदलावं लागतं, आणि यीस्टशिवाय ते दिवसेंदिवस ठेवू नये. हवाबंद, कमी आम्लाच्या द्रवात बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा, धोका असतो.

तुम्ही ५० लिटरच्या पुढे बनवत असाल, हॉप्स बेताचे टाकत असाल आणि पंप आधीच असेल, तर प्लेट चिलर कदाचित तुम्हाला शोभेल. बाकीच्यांनी, माझ्या मते, कॉइल घ्यावी. घेताना पाण्याच्या नळीचे जोड पातेल्याच्या काठाबाहेर येतात ना ते बघा, आणि क्लॅम्प घट्ट आवळा. जोड गळला तर नळाचं कच्चं पाणी थेट गार झालेल्या वर्टमध्ये पडतं.