छोट्या हॅचबॅकवर प्रोग्रेसिव्ह लोअरिंग स्प्रिंगा: वळणावर नेमके काय सुधारते

छोट्या हॅचबॅकच्या मूळ स्प्रिंगांच्या जागी बसवायचा, गाडी सुमारे 30 मिलिमीटर खाली आणणारा आणि मूळच्यापेक्षा साधारण 30 टक्के कडक असा चार प्रोग्रेसिव्ह (भार वाढेल तशा अधिक कडक होत जाणाऱ्या) स्प्रिंगांचा संच मी माझ्या गाडीवर बराच काळ वापरत आहे. आयबाख, एच अँड आर या जर्मन कंपन्या ज्या प्रकारच्या संचांसाठी ओळखल्या जातात, त्याच जातीचा हा संच आहे. माझे मत आधीच सांगतो: या स्प्रिंगांनी टायरची पकड जवळजवळ वाढत नाही, पण गाडीच्या हालचालींना जी शिस्त येते ती एवढी मोलाची आहे की शॉक अ‍ॅब्सॉर्बर धडधाकट असतील तर हा खर्च मी पुन्हा आनंदाने करीन.

फरक सर्वात आधी जाणवतो तो स्टिअरिंग वळवल्यानंतरच्या पहिल्या क्षणात. मूळ मऊ स्प्रिंगांवर गाडी आधी बाहेरच्या बाजूला झुकते, त्या झुकलेल्या अवस्थेत स्थिरावते आणि मगच मनापासून वळू लागते. त्यामुळे चालकाला नकळत स्टिअरिंगची दुरुस्ती करत राहावी लागते. नव्या स्प्रिंगांवर हा मधला वेळ बराच कमी होतो. डाव्या वळणाला लागूनच उजवे वळण असेल, किंवा वेगात लेन बदलून लगेच पुन्हा सरळ व्हायचे असेल, तर मूळ गाडी एका बाजूचा झोल संपवून दुसऱ्या बाजूला कलंडताना चालकाला आसनाच्या कडेला टेकू शोधावा लागत असे. आता तेच वळण हातात एकच सलग हालचाल ठेवून पार होते. जोरात ब्रेक मारल्यावर नाक खाली जाण्याचे प्रमाणही कमी झाले आहे, मात्र नाहीसे झालेले नाही.

इतका फरक पडण्यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. गुंडाळीदार स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे बाकी सारे तेच ठेवून 12 मिलिमीटरची तार 12.6 मिलिमीटरची केली, तर अवघ्या 5 टक्के जाडीने कडकपणा सुमारे 21 टक्क्यांनी वाढतो. याउलट वेढ्यांची संख्या वाढली की स्प्रिंग मऊ होते. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगमध्ये याच नियमाचा उपयोग केलेला असतो: एका टोकाचे वेढे जवळजवळ ठेवलेले असतात, भार वाढत गेला की ते एकमेकांवर टेकून निकामी होतात, काम करणारे वेढे कमी उरतात आणि स्प्रिंग आपोआप कडक होत जाते. जुन्या आणि नव्या स्प्रिंगा शेजारी ठेवल्या की हे डोळ्यांनाच दिसते. माझ्या संचात या दाट वेढ्यांवर प्लास्टिकची नळी चढवलेली आहे, कारण धातूवर धातू टेकला की कटकट आवाज येतो आणि रंग खरवडून तिथूनच गंज सुरू होतो. खरेदी करताना ही नळी आहे की नाही हे जरूर पाहावे. गंजाची खळी पडलेली स्प्रिंग पुढे त्याच जागी तुटू शकते.

आता पकडीविषयी. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार सरकतो, हे मुख्यतः गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधील अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरते. स्प्रिंग कडक केल्याने तो भार कमी होत नाही, केवळ गाडी कमी झुकते. छोट्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंच असतो, तेव्हा 30 मिलिमीटरने तो खाली आला तरी भाराच्या सरकण्यात फार तर 5 ते 6 टक्क्यांची घट होते. शिवाय पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात बसवलेली रचना) असलेल्या गाडीत आणखी एक अडचण असते. गाडी खाली आली की लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) चाकाकडचे टोक तुलनेने वर जाते, आणि ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली घसरतो. दोहोंमधील अंतर वाढल्यामुळे झुकण्याची ओढ उलट वाढते, आणि स्प्रिंगच्या वाढीव कडकपणाचा काही भाग ही ओढ भरून काढण्यातच खर्ची पडतो. म्हणूनच दिसायला ऐटबाज वाटणारे 50 किंवा 60 मिलिमीटर खाली आणणारे संच रोजच्या वापराच्या गाडीसाठी मी सुचवणार नाही.

या संचाची मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट म्हणजे मागच्या स्प्रिंगा पुढच्यांपेक्षा प्रमाणाने अधिक कडक केलेल्या आहेत. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या छोट्या गाड्या वळणावर पुढून बाहेर ओढल्या जातात. मागची बाजू अधिक कडक झाली की बाजूला सरकणाऱ्या भाराचा मोठा वाटा मागचे टायर उचलतात, बाहेरच्या पुढच्या टायरवरचा ताण हलका होतो आणि गाडी वळणाच्या आत अधिक राजीखुशीने शिरते. याचा दुसरा फायदा प्रवासाच्या सुखाशी निगडित आहे. मॉरिस ऑली या अभियंत्याने 1930च्या दशकाच्या आरंभी कॅडिलॅकमध्ये, वजने पुढेमागे हलवता येतील अशा गाडीवर प्रयोग करून दाखवले होते की मागच्या सस्पेन्शनची लय पुढच्यापेक्षा किंचित जलद ठेवावी. पुढची चाके उंचवट्यावर आधी चढतात, मागची नंतर, आणि मागून निघालेली उसळी लवकर पूर्ण झाली तर गाडी होडीसारखी पुढेमागे न डुलता सपाट वर-खाली होते. केवळ पुढच्या दोन स्प्रिंगा बदलून पैसे वाचवण्याचा विचार याच कारणाने सोडून द्यावा.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरबद्दल मात्र सावध राहिले पाहिजे. स्प्रिंग 30 टक्के कडक झाली की तिला आवरण्यासाठी लागणारे बळही वाढते, आणि मूळ शॉकचा तिच्यावरील वचक तुलनेने सुमारे 12 टक्क्यांनी कमी पडतो. शॉक नवे असतील तर ही तूट खपून जाते. ते थकलेले असतील तर प्रत्येक उंचवट्यानंतर गाडी एक जास्तीची उसळी घेते, आणि त्या क्षणी टायर रस्त्यावर पुरेसा दाबलेला नसल्याने वळण मूळ गाडीपेक्षाही वाईट जाते. स्ट्रट एकदा उघडला की वरचे माउंट, त्यातले बेअरिंग आणि बंपस्टॉप (चाक फार वर गेले तर दणका झेलणारा मऊ ठोकळा) त्याच वेळी तपासून घ्यावेत. गाडी 30 मिलिमीटर खाली आल्यावर चाकाला वर जायला तेवढीच कमी जागा उरते, त्यामुळे बंपस्टॉप लवकर कामाला लागतो. तो भुसभुशीत झालेला असेल तर खड्ड्यातला दणका थेट बॉडीला बसतो.

बसवण्याचे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. दाबून धरलेल्या स्प्रिंगमधील शक्ती जीवघेणी असते, आणि स्प्रिंग कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंना समोरासमोर, सारखा दाब देत लावल्याशिवाय वरच्या नटाला हात लावू नये. स्प्रिंगचे टोक खालच्या बशीतील खाचेत नीट टेकले आहे का, हे स्वतः वाकून पाहावे. यापेक्षा अधिक वेळा दुर्लक्षित होणारी बाब म्हणजे लोअर आर्मच्या आणि मागच्या बीमच्या (मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) रबरी बुशांचे, म्हणजे सांध्यांतल्या रबरी अस्तरांचे, बोल्ट: चाके हवेत लोंबकळत असताना ते आवळले तर गाडी खाली ठेवताच रबराला पीळ बसतो, तो कायम राहतो आणि बुश लवकर फाटतात. अखेरचे आवळणे गाडीचे वजन चाकांवर असतानाच झाले पाहिजे.

आरामाच्या बाबतीत किंमत मोजावी लागते, ती लपवण्यात अर्थ नाही. सपाट रस्त्यावर वेगात गाडी पूर्वीपेक्षा शांत वाटते, पण हळू वेगात छोटे खड्डे आणि रस्त्यावरचे जोड आता एकेक करून कळतात, मागच्या आसनावर तर अधिकच. उंच गतिरोधकावरून भरलेली गाडी तिरकी नेली नाही तर पोट घासते. घरातील वयस्कर माणसे रोज मागे बसत असतील तर हा संच घेऊ नये, असेच मी सांगेन.

नव्या स्प्रिंगा सुरुवातीच्या वापरात किंचित बसतात, म्हणून पक्के व्हील अलाइनमेंट त्या बसल्यानंतर करावे. उंची बदलली की टो (वरून पाहता चाके किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत तो कोन) बदलतो आणि तसेच चालवत राहिल्यास टायरची एक कड भराभर झिजते. हेडलाइटचा झोतही त्याच वेळी पुन्हा लावून घ्यावा. ज्या गाड्यांमध्ये मागच्या ब्रेकचा दाब सस्पेन्शनच्या उंचीवरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, त्यात गाडी खाली आली की व्हॉल्व्हला ती भाराने लादलेली वाटते आणि मागचे ब्रेक गरजेपेक्षा जास्त लागू शकतात. तेव्हा त्याची जुळणी केल्याखेरीज गाडी वर्कशॉपमधून बाहेर काढू नये.